दोरभावांचे दोन हिसके

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी औशाजवळच्या विहिरीत लिंबाजी गाळ काढायला उतरला. दहा चाळीसला त्याचा दोर ढिला पडला.

वर दोर धरून चांदपाशा होता. त्यानं दोन हिसके दिले. खालून उत्तराचे दोन यायला हवे होते. आले नाहीत.

हे दोघे दोरभाऊ. बहात्तरच्या दुष्काळात एका विहिरीवर सुरुंगाची वात पेटवण्याआधी खालच्या ग्यानोबाला, वर आलास का, अशी हाक मारली गेली. काठावर त्याच नावाचा दुसरा मजूर होता. तो सवयीनं 'हाव' म्हणाला. वात पेटली. त्याच महिन्यात या दोघांसह अकरा मजुरांनी एका दोराचे तुकडे मनगटाला बांधून शपथ घेतली: विहिरीवर नाव घ्यायचं नाही, आवाजावर विसंबायचं नाही, विचारायचं ते दोरालाच. कोण कुठल्या जातीचा, धर्माचा, हे पाहिलं गेलं नाही. शपथ घेणारा पहिला माणूस तो वर राहिलेला ग्यानोबा.

आता, दहा वर्षांनी, लातूर जिल्हा वेगळा होऊन महिना झाला होता. पाऊस यंदाही नव्हता. नव्या जिल्ह्यात हजेरी नावानिशी होणार, असं सांगत मुकादमानं काठावरूनच पुकारलं, "लिंबाजी!"

"हाव," आवाज आला.

"बोलला की," मुकादम चांदपाशाला म्हणाला. "आता दोराला काय पत्र धाडता?"

मजूर हसले. पाट्या वाहणारी लिंबाजीची बायको सुमनबाईही हसली. आवाज विहिरीतूनच आला, असं चांदपाशालाही वाटलं. तो दहा मिनिटं थांबला.

मग बाभळीखालून दुसऱ्या टोळीतला एक जण आला आणि आपली हजेरी लागली का, असं विचारू लागला. मुकादमानं नाव विचारलं.

"लिंबाजी."

चांदपाशानं दोर ओढला. हलका आला. टोकाची गाठ सुटलेली होती, तुटलेली नव्हती. मग खाली सोडलेला कंदील विषारी हवेनं निम्म्यावर विझला.

दोरभावामागं दोरभाऊच उतरतो. चांदपाशानं ओलं फडकं तोंडाला गुंडाळलं आणि तोच दोर कमरेला बांधला.

"भाऊ, त्यान्ला घेऊनच या," सुमनबाई म्हणाली.

दोर आता साठीच्या ग्यानोबाच्या हातात होता. चांदपाशा दिसेनासा झाल्यावर मुकादमानं पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं.

"नाव नका घेऊ, मुकादम," ग्यानोबा म्हणाला. "वरून कुणीतरी हाव म्हणंल."

खालून एकाचे दोन हिसके, दोघांचे चार, असा दोरभावांचा नेम. अकरा वाजून अठरा मिनिटांनी दोराला दोन आले. साडेअकरापर्यंत पुढचे दोन आलेले नाहीत.