मोजायची राहिलेली मतं

मी एक जुनी मतपेटी आहे, विणकरांच्या सहकारी सोसायटीची. कोपरे गंजलेत, कडी सैल झालीय. मित्रांनो, बोलायलाही आता दम लागतो; पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

रंगाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून मला घडवलं. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. ती सरली, की मला कपाटावरून उतरवत, धूळ पुसत आणि मागांच्या मोठ्या शेडमध्ये टेबलावर मांडत. रांगेतल्या बायका माझी चेष्टा करत गुणगुणत:

पेटीबाई पोटुशी गं, हिच्या पोटी सारी पेठ,
उद्या सकाळी बाळंत, मग बाळाची गं भेट.

‘उद्या’ म्हणण्याला कारण होतं. फार पूर्वी एकदा मतदानाच्याच संध्याकाळी मोजणी केली, तर हरलेल्यांनी रागाच्या भरात जिंकलेल्यांच्या मागांवरचे ताणे कापले. तेव्हापासून मोजणी दुसऱ्या दिवशी. राग झोपून उठला की निवळतो, असा सगळ्यांचा अनुभव. या रीतीचं फार कौतुक व्हायचं. तीच शेवटी आमच्या मुळावर आली.

त्या वर्षी जुन्या मंडळाला ही शेड विकायची होती. तिथे माग असलेल्यांच्या घरांत माग मावत नव्हते. त्यांच्यातलीच एक कांडीकाकू. सुताच्या कांड्या भरता भरता अख्ख्या शेडची विचारपूस करायची, म्हणून हे नाव. ती पहिल्यांदाच निवडणुकीला उभी राहिली. आपण निवडून आलो तर शेड राहील, एवढंच तिचं भाषण. मतं पडली, कुलूप लागलं, वर लाखेचं सील बसलं.

सकाळी मोजायला माणसं जमली, तर अध्यक्ष सरकारी आदेश घेऊन आले. कायद्यात दुरुस्ती झाली होती. मुदत आता पाचाऐवजी सात वर्षं, आणि तीही पूर्वलक्षी. म्हणजे आजचा नियम आधी निवडून आलेल्यांनाही लागू. निकाल लागून गेला असता तर गोष्ट वेगळी होती, असं अध्यक्षांनीच सांगितलं. मोजणी थांबली.

काकू पुढे आली. “भाऊजी, आम्ही तुम्हाला पाच वर्षांसाठी निवडलं होतं. मागावरून उतरलेलं कापड कापता येतं, जोडता येतं. ओढून लांब नाही करता येत.”

“वहिनी, कायदा मी केलाय का? पण आयतं वाढलेलं ताट कोण सरकवतं, तुम्हीच सांगा.”

काकू कोर्टात गेली. मलाही पुरावा म्हणून नेलं आणि मोडक्या सायकलींच्या खोलीत ठेवलं. तारखांवर तारखा पडत गेल्या. इकडे शेड विकली गेली. काकूचा माग सुटा करून तिच्या ओसरीत रचून ठेवला, त्यावर जाऊबाई कपडे वाळत घालू लागल्या. पोटातल्या चिठ्ठ्यांना दमट वास येऊ लागला, तरी मी त्या सांभाळत राहिले.

निकाल आला तेव्हा ती सात वर्षंही उलटून गेली होती. कोर्टाने म्हटलं, दुरुस्ती यापुढे निवडून येणाऱ्यांसाठी. आधीच्यांची मुदत पाचच वर्षांची होती. मात्र मधल्या काळात झालेले व्यवहार कायम. निवडणूक नव्याने घ्यावी.

“जिंकलीस म्हणे?” जाऊबाईंनी विचारलं.

“जिंकले. कोर्टाचा जिना चढायचा सुटला, एवढं मिळालं.”

नव्या निवडणुकीसाठी सोसायटीच्या ऑफिसात माझं सील फोडलं आणि चिठ्ठ्यांचा ढीग टेबलावर ओतला. आता त्या रद्दीच. कारकुनाला काकूची दया आली. गंमत म्हणून मोजू या का, असं त्यानं विचारलं. निदान तिला तरी कळलं असतं.

काकूने ढिगावर हात ठेवला.

“नको रे बाबा. यात माझ्या सासूबाईंचं मत आहे. गेल्या त्या. त्यांनी ते शेड वाचवायला दिलं होतं, गंमत म्हणून नाही.”

मित्रांनो, मला नवा रंग लावू नका, कडीही बदलू नका. फक्त माझ्या पोटात कोणी भरवशानं काही टाकलं, तर ते वेळेवर बाहेर काढा. मी पत्र्याची आहे, कितीही वाट बघेन. टाकणाऱ्यांना तेवढं आयुष्य नसतं.