नवरीच्या पायांचं पाणी

शनिवारी दुपारी फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या बेलकूर मेट्रो स्थानकात नेहमीसारखीच गर्दी होती. भाताचं मोठं पातेलं पोटाशी धरून गुंदो सरकत्या जिन्यावरून उतरत होती. इथे गाडी बदलायची आणि लग्नाच्या हॉलवर जायचं. पुढे मामादू गांदेगा, त्यांची बायको फुने आणि पाहुण्या बायका मोकळ्या हातांनी, भरजरी झग्यांत चालल्या होत्या.

गांदेगांच्या घरचं कार्य म्हटलं की गुंदोने रांधायचं, वाहायचं आणि दाराशी बसायचं. आफ्रिकेतल्या माली देशातल्या गावात तिची पणजी त्या घरची गुलाम होती. गुलामी कायद्याने केव्हाच संपली. जात मात्र त्यांच्याबरोबर फ्रान्सला आली. गुंदोने कधी तक्रार केली नाही. गावात तिचा भाऊ देंबा गांदेगांचीच जमीन कसत होता, त्यांच्याच विहिरीचं पाणी भरत होता.

खाली, दोन मार्ग एकत्र येतात तिथे, गुंदोची मुलगी सिरा कामावर होती. अंगात स्थानकाचा गणवेश. एका म्हाताऱ्या बाईला ती वाट दाखवत होती. गुंदो मान खाली घालून पुढे सटकणार होती, पण फुनेने पाहिलंच.

"अगं, सिरा ना तू? सुटलीस की सरळ हॉलवर ये. नवरीचे पाय धुताना घंगाळ तू धरायचंस."

"मी नाही येणार, काकू."

"आमंत्रण देत नाहीये, बाळ. सांगतेय."

"म्हणूनच नाही येणार."

बायका थांबल्या. मागचे प्रवासी वैतागून त्यांना वळसा घालून जाऊ लागले. मामादू मागे फिरले. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

"गुंदो, पोरीला समजाव. देंबाचं पीक उभं आहे शेतात. आणि विहीर आमची आहे."

पातेलं सावरत गुंदो लेकीजवळ सरकली. "सिरा, एवढी एक वेळ ये गं," ती पुटपुटली. "मामाची पोरं लहान आहेत."

"आई, तुलाही कुणीतरी असंच सांगितलं असेल ना? एवढी एक वेळ?"

गुंदोला आठवलं. तेव्हा ती सिराहून कितीतरी लहान होती, आणि सांगणारी तिची स्वतःची आई होती.

"यांचं असंच असतं, आधी आढेवेढे," फुने हसत पाहुण्यांना म्हणाली. "या गुंदोची पणजी एका घोड्याच्या बदल्यात आली आमच्या घरात."

दोघीतिघी हसल्या.

गुंदोने पातेलं जमिनीवर ठेवलं. अगदी सावकाश ठेवलं.

"तिचं नाव सोखोना होतं," ती म्हणाली. "तिला विकलं, ते पाप विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. मी तुमची गुलाम नाही. माझी मुलगीही नाही. भात चांगला झालाय, घेऊन जा. उचलायला माणसं आहेत तुमच्याकडे."

कुणीच पुढे झालं नाही. गाडी आली, दारं उघडली, मिटली. शेवटी सोबत आलेल्या मामादूंच्या भाच्याने कपाळाला आठ्या घालत पातेलं उचललं. मामादूंनी तिथेच गावाला फोन लावला.

संध्याकाळी देंबाचा फोन आला. त्याच्या बायकोला विहिरीवरून हाकललं होतं. भाचीने घंगाळ धरायला नकार दिला, आता शेतात पाऊल टाकायचं नाही, असा निरोप होता.

"माझ्यामुळे झालं रे," गुंदो म्हणाली.

मग त्याने विचारलं, "सिरा गेली का घंगाळ धरायला?"

"नाही."

"मग नदीवरून आणू पाणी."

नदी लांब होती. देंबाचं पीक दुसऱ्यांनी कापलं आणि पुढे त्याला बायकापोरांसह गावच सोडावं लागलं. त्याची टोचणी गुंदोला रोज लागते. ओळखीच्या बायका तिला पाहून स्थानकात दुसऱ्या बाजूने जातात.

एक जण मात्र परवा थांबली. तीही अशाच एका गुलाम घराण्यातली. तिच्या मालकांकडे बारसं आलं होतं, आणि या वेळी लेकीलाही कामाला बोलावलं होतं.

"गुंदोताई," ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तू नेमकं काय म्हणालीस? माझ्या तोंडून निघतंय का बघते."

गुंदोने तिला फलाटावरच्या बाकावर शेजारी बसवलं आणि सांगितलं. त्या बाईने ओठ हलवले, पण आवाज फुटला नाही.

"परत म्हण," गुंदो म्हणाली.