सदऱ्यांची तहान

माझा धाकटा भाऊ इस्त्रीचं दुकान चालवतो. भर उन्हाळ्यात पत्र्याखाली उभा राहून दिवसाला शंभर सदरे सरळ करतो. स्वतः मात्र सरळ होत नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याला मुतखडा झाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "किडनीला सूज आहे. रोज तीन लिटर पाणी प्या. अंग दुखतं म्हणून गोळ्या खाऊ नका. पुन्हा असं झालं तर किडनी कायमची अधू होईल."

भावाचं गणित वेगळं. पाणी प्यायलं की जावं लागतं, गेलं की दुकान बंद, आणि दुकान दहा मिनिटं बंद राहिलं तर सगळं गाव उघडं फिरेल.

यंदा मात्र चमत्कार झाला. भावजय सकाळी तीन लिटरची बाटली भरून देई, संध्याकाळी ती रिकामी परत येई. भावजय आल्यागेल्याला ती बाटली पदकासारखी दाखवी. लघवी तेवढी चहाच्या रंगाची होती. "उष्णता गं, ताई," एवढंच तो म्हणे.

काल आम्ही सगळे दवाखान्यात असताना तपासणीचा कागद आला. आकडे आणखी बिघडलेले.

"तीन लिटर जातं कुठे?" डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

भाऊ छताकडे बघू लागला. सोबत आलेली त्याची नात माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मोठ्या आजीनं लिटर शिकवायला मला दुकानात बसवलं होतं ना, तेव्हा मी मोजलं. आजोबा इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी मारतात ते त्याच बाटलीतलं. आजोबांना फक्त दोन घोट. त्यातला एक अंगदुखीच्या गोळीबरोबर."

"नळ लांब आहे," भाऊ पुटपुटला. "बाटली हाताशी होती."

"म्हणजे दोन महिने मी गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांची किडनी सांभाळली," भावजय म्हणाली.

मी शिक्षिकेच्या सवयीनं त्याला मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "कोरड्या सुती कापडावर तापलेली इस्त्री ठेवली तर काय होतं रे?"

"चटका बसतो. डाग जात नाही."

"मग आधी काय करतोस?"

"पाणी मारतो. ताई, हे तर शेंबड्या पोरालाही..." तो मध्येच थांबला.

"डाग अजून पक्का झालेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्याचं सांगता येणार नाही."

आता दुकानात दोन बाटल्या आहेत. नातीनं एकीवर लिहिलंय 'सदरे', दुसरीवर 'आजोबा'. आज दुकान पाच वेळा बंद झालं. गाव अजून कपड्यांत आहे.