तिसऱ्या अंकातलं दूध

लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याची बरीच सोंगं पोसली होती. नाटकात बहिऱ्याचं काम मिळालं की दारावरची बेल तिलाच ऐकावी लागे. वकिलाचं मिळालं की दूधवाल्याचीसुद्धा उलटतपासणी होई. ती मैत्रिणींना हसत सांगायची, "संसार एकाशीच केला गं, पण नांदवलं दहा जणांना."

हे नवं नाटक आलं आणि तिचं हसू आटलं. त्यात एका म्हाताऱ्याला त्याची बायको दुधातून थोडं थोडं विष घालते. नाटक धो धो चाललं. इकडे म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नवऱ्याने आधी घरचा चहा सोडला, मग जेवण. ताट पुढे आलं की तो वास घेई आणि हळूच म्हणे, "आधी तू खा."

ती खायची. तरी तो ताट सरकवायचा. "तू अंगाला सवय करून घेतली असशील."

त्याचं पोट खपाटीला गेलं. शेवटी ती दिग्दर्शकाकडे गेली.

"वहिनी, म्हणून तर म्हातारा इतका खरा वाटतो," तो म्हणाला. "एवढा हंगाम संपू द्या."

"आणि माणूसच संपला तर?"

दिग्दर्शक टेबलावरचे कागद चाळत बसला.

वाट दाखवली ती नाटकातल्या बायकोचं काम करणाऱ्या मुलीने. "वहिनी, पहिल्या अंकात दादा सूप अगदी चाटूनपुसून पितात. तिथे म्हाताऱ्याला अजून संशय आलेला नसतो ना."

तेव्हापासून ते सूप ती घरून करून नेऊ लागली. चांगलं दाट, अंडं फेटून घातलेलं. विंगेत उभी राहून ती त्याचा एकेक घोट बघायची. प्रयोग नसेल त्या दिवशी मात्र तो नळाच्या पाण्यावर राहायचा, आणि तिचा जीव टांगणीला लागायचा.

एका प्रयोगात तिसऱ्या अंकात मुलीने नेहमीसारखं दूध आणलं. त्याने पेला घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"आधी तू पी."

हे वाक्य नाटकात नव्हतं. प्रेक्षक श्वास रोखून बसले. त्यांना वाटलं, असंच आहे. मुलगी कसनुसं हसली. त्याने तिचं मनगट धरलं आणि पेला तिच्या ओठांशी नेला. काच दातांवर वाजली.

"पी म्हणतो ना."

मुलीने विंगेकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मनगटावर त्याची बोटं रुतत चालली होती. प्रॉम्प्टरने पुढचं वाक्य दिलं, पुन्हा दिलं. "थांबा," दिग्दर्शक विंगेत कुजबुजला, "सावरेल तो."

त्याच्या शेजारी उभी असलेली ती थांबली नाही. कामावरून आलेल्या कपड्यांत, खांद्याला पिशवी तशीच, ती सरळ उजेडात गेली. त्याच्या हातातून पेला काढून घेतला आणि सगळं दूध पिऊन टाकलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू मुलीचं मनगट सुटलं. मग दबक्या, वैतागलेल्या, पण स्वतःच्या आवाजात तो म्हणाला, "अगं, प्रयोग चालू आहे. तू मधेच कशी आलीस?"

"तुम्हाला न्यायला. चला घरी."

"लोक बसलेत."

"बसू देत."

कुणीतरी पडदा पाडला.

पुढे दवाखाना झाला, औषधं झाली. बरेच दिवस तो फक्त स्वतः सोललेली उकडलेली अंडी खायचा. मग एकदा तिने वाढलेला भात खाल्ला. म्हातारा दुसऱ्या नटाकडे गेला.

वर्षाच्या शेवटी नवं नाटक चालून आलं: भावाचा खून करणाऱ्या माणसाचं. त्याने संहिता आधी तिच्या हातात दिली. तिने सुट्टीच्या दिवशी ती एका बैठकीत वाचली.

"कसं आहे?"

"फार चांगलं आहे."

"मग?"

"नको."

त्याने संहिता परत पाठवली आणि आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. तिला ते चाललं. रुसून बसलेला तो माणूस तिचा नवराच होता.