‘तळघर’ नावाची नोंद

हे कुणालाही पटणार नाही, तरी सांगतो. एका दुपारी मी बावीस वाचनालयांचं सगळं कामकाज जुन्या सर्व्हरवरून उचलून नव्यावर नेऊन ठेवलं आणि एकाही वाचकाला पत्ता लागला नाही. एका शाखेतले ग्रंथपाल तेव्हा झोपले होते. त्यांची झोपसुद्धा मोडली नाही.

“मागच्या वेळी वीस होती, काका,” माझ्या जागी आलेली मुलगी म्हणाली.

“दोन नंतर वाढली.”

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दर आठवड्याला मी तिच्या टेबलाशी खुर्ची ओढतो. घरी ऐकायला भिंती आहेत, पण त्या मध्येच टोकत नाहीत.

काम तसं साधं. माणसं नावं लक्षात ठेवतात, यंत्रं आकडे. कोणतं नाव कोणत्या आकड्यावर राहतं, त्याची यादी मी सांभाळायचो.

“युक्ती काय, तर हलवायच्या दोन दिवस आधी नोंद लक्षात ठेवायची मुदत एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणायची. नाहीतर लोक जुनाच पत्ता उराशी धरून बसतात.”

“तसंच करते मी. आज मेलेली नावं काढतेय. हे ‘तळघर’ काय आहे? त्या आकड्यावर यंत्रच नाही.”

माझी बायको इथेच जुन्या मासिकांची सूची करायची. तिचं यंत्र तळघरात, म्हणून मी नवशिक्याने नाव ठेवलं तळघर. पुढे तिला तिसऱ्या मजल्यावर बसवलं आणि सूची शोधणारे लोक जिना उतरून अंधारात चाचपडू लागले. “नवऱ्याने मला जिवंत पुरलंय,” ती खिडकीशी बसून सगळ्यांना सांगायची. नाव कामावरून ठेवावं, जागेवरून नाही, हे मी तिच्या टोमण्यांतून शिकलो. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तिचं यंत्र भंगारात काढलं. यादीतली ती एक ओळ मात्र मी पुसली नाही.

“त्याला हात लावू नकोस,” मी म्हणालो. “बाकीची सगळी नावं त्याला टेकलीत. एकदा चुकून पुसलं, तर टपाल बंद, सूची बंद, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मोठे साहेब. मी दाराच्या फटीतून त्यांना धीर देत होतो आणि ते आतून मला शिव्या देत होते.”

“लिफ्टसुद्धा?”

“साहेबांना विचार.”

“ते वारले ना?”

“म्हणून तर. साक्षीदार आता मी एकटाच.”

ती हसली नाही. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

“खोटं बोलताय, काका. या इमारतीला लिफ्टच नाही. आणि तीन महिन्यांच्या विचारणा काढल्यात मी. या नावाला काहीही टेकलेलं नाही. ते कुणी विचारतही नाही. फक्त एका घरातून रोज चार वाजता आपल्या सर्व्हरला विचारणा येते, तळघर कुठे आहे. ते घर तुमचं आहे.” तिने कीबोर्ड जवळ ओढला. “मालक नसलेली नोंद मी ठेवत नाही. मालकाच्या रकान्यात तुमचं नाव लिहितेय.”