ट्रंकेतलं पाचवं प्रकरण

प्राध्यापक विद्याधर कर्णिकांच्या घरात एक जर्मन तत्त्वज्ञ वीस वर्षं मुक्कामाला होता. तो गेल्या शतकातच वारलेला, त्यामुळे त्याच्या जेवणाखाणाचा त्रास नव्हता. पण मालाडच्या त्या दोन खोल्यांत त्याच्यावरच्या पुस्तकांनी इतकी जागा अडवली होती, की त्यांच्या पत्नी जयंतीबाईंना लोणच्याच्या बरण्या खाटेखाली ठेवाव्या लागत. त्या त्याला 'तुमचे जर्मन मामंजी' म्हणायच्या. त्याचं खरं नाव घेताना जिभेची फार ओढाताण होते; आपणही मामंजीच म्हणू.

मामंजींचं म्हणणं काय, ते कर्णिकांनी आपल्या पुस्तकात सांगितलं होतं. माणूस चित्रात किंवा गाण्यात रंगून गेला की त्याचा 'मी' गळून पडतो, आणि 'मी'च उरला नाही तर वाईट वागणार कोण? म्हणजे ज्याला सौंदर्य कळलं त्याच्यात चांगुलपणा आपोआप येतो. पुस्तक गाजलं. तत्त्वज्ञानाचं पुस्तक गाजतं म्हणजे चारशे प्रती खपतात आणि चार जण ती वाचतात, तेवढं गाजलं. आता छप्पन साली ते बी.ए.ला लागलं होतं आणि दुसरी आवृत्ती छापखान्यात होती. कर्णिक स्वभावाने भिडस्त. आयुष्यात त्यांनी मान ताठ करावी अशी ही एकच गोष्ट घडली होती.

एम.ए.च्या प्रबंधासाठी त्यांच्या हाताखाली ज्युलिया हेन्रिक्स होती. गोराईची, शेतीवाडी करणाऱ्या कॅथलिक घरातली. शाळेत जर्मन नन्स असल्यामुळे ती जर्मन सरळ वाचायची. कर्णिकांचं सगळं वाचन इंग्रजीतून. तिचा विषय मामंजींची करुणा: दुसऱ्याचं दुःख आपलं वाटणं हाच नीतीचा पाया. चार प्रकरणांचा प्रबंध कर्णिकांनी वाचला, त्यांना तो आवडला, आणि मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सही करून कागद त्यांनी खिशात ठेवला. सोमवारी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. आदल्याच दिवशी गोराईला आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण होता आणि ज्युलियाच्या वडिलांनी सरांना जेवायला बोलावलं होतं. कर्णिक जातीने कायस्थ. ताज्या माशांच्या गावाहून आलेलं आमंत्रण मोडण्याचं पाप त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. बोरिवलीच्या बाजूने होडी करून ते खाडीपार पोहोचले.

जेवण झकास झालं. ज्युलिया आणि तिची आई बर्थाबाई मागच्या दारी भांड्यांना लागल्या आणि ओटीवर सर आणि लिओनार्ड हेन्रिक्स दोघेच उरले. लिओनार्ड लेकीच्या कौतुकाने नुसता फुलून आला होता.

"सर, माजी पोर दोन मयने रोज गोरेगावच्या सेमिनरीत, फादर लोकांच्या कॉलेजात, जात व्हती. जर्मन बुक तिथंच बसून वाचायची. पाचवा पाठ लिवला तवा तितले फादर पन लय खूश झाले."

"चौथा म्हणायचंय तुम्हाला," कर्णिक म्हणाले. "प्रकरणं चारच आहेत."

"पाच, सर. मीच ठेवलाय तो ट्रंकेत. पोर बोलली, ठेव, नको आता तो." आणि तो उत्साहाने आत जाऊन टाइप केलेल्या कागदांची चळत घेऊन आला.

कर्णिकांनी चष्मा चढवला. पहिल्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली, तिसऱ्या पानावर ती गेली आणि चेहराच उतरला.

ज्या इंग्रजी आवृत्तीवर त्यांचं पुस्तक उभं होतं, ती संक्षिप्त होती. शेवटचा भाग तिच्यात नव्हताच. त्या गाळलेल्या भागात मामंजींनी स्वतःच स्वतःला अडवलं होतं. गाण्यात रंगलेला माणूस स्वतःला विसरतो हे खरं, पण तो शेजाऱ्यालाही विसरतो; गाण्यावर ज्याच्या डोळ्यांना पाणी येतं तो दारात कण्हणाऱ्यासाठी उठेलच असं नाही; सौंदर्याने मन हलकं होतं, चांगलं होतंच असं नाही. ज्युलियाने हे शांतपणे, एकही टोचरा शब्द न वापरता मांडलं होतं. आणि कर्णिकांचं वीस वर्षांचं पुस्तक तिने नुसतं हलवलं नव्हतं, मुळासकट उपटलं होतं.

त्यांना पहिल्यांदा राग आला. मग, खोटं कशाला सांगा, मनात आलं की हे कोणाला कळणार आहे? पोरगी बोलणार नाही, बापाला यातलं समजत नाही. कागद ट्रंकेत परत गेले की दुसरी आवृत्ती सुखाने बाहेर येईल. नीतीवर वीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाच्या मनात हे आलं, आणि चांगलं दोन-तीन मिनिटं टिकलं. त्याची त्यांना फार लाज वाटली.

ज्युलिया हात पुसत बाहेर आली आणि सरांच्या मांडीवरचे कागद पाहून दारातच थबकली.

"पप्पा! काय केलंस तू हे?"

"का काढलंस हे?" कर्णिकांनी विचारलं.

"सर, लांबत होतं ना. म्हणून."

"ज्युलिया."

ती खांबाला टेकून उभी राहिली. "तुमचं पुस्तक छापायला गेलंय, सर. सगळ्या कॉलेजांत लागलंय. तुम्ही मला घरी बोलावून शिकवलंत, बाईंनी जेवू घातलं. आणि मीच उठून लिहू की सरांचं चुकलं म्हणून?"

"माझ्यावर दया करायला तुला कोणी सांगितलं?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला. करुणेवर ते वर्गात तासन्तास बोलले होते, पण ती आपल्यावर केली गेली की किती झोंबते हे त्यांना आजच कळत होतं.

"तुमच्याच मामंजींनी," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं.

कर्णिकांना हसू आलं आणि त्या हसण्यातच त्यांचा राग विरघळला. दुसऱ्याचं दुःख आपलं मानावं, हे त्यांनी शिकवलं होतं आणि पोरीने ते शब्दशः पाळलं होतं. तिच्याइतकं वेडं आणि तिच्याइतकं चांगलं कोणी त्यांच्याशी आजवर वागलं नव्हतं.

"हे प्रकरण जाणार," ते म्हणाले. "रविवार असला तरी आजच बांधणीवाल्याच्या घरी जाऊ. छापखान्याला मी उद्या सकाळी तार करतो, काम थांबवा म्हणून."

मग त्यांनी उरलेली पानं वाचायला घेतली. अगदी शेवटी एक वाक्य होतं: प्रा. कर्णिकांच्या लेखनकाळी हा मूळ ग्रंथ मुंबईत उपलब्ध नव्हता, त्यामुळे दोष त्यांच्याकडे जात नाही.

"सेमिनरीत हा ग्रंथ कधीपासून आहे?"

ज्युलियाने ते पान परत घ्यायला हात पुढे केला.

"शिक्का असेल ना आत?"

"एकोणीसशे अकराचा," ती हळूच म्हणाली.

मालाडनंतरचं स्टेशन गोरेगाव. वीस वर्षांत कर्णिक त्या ग्रंथालयाच्या पायऱ्या एकदाही चढले नव्हते. पाद्र्यांकडे जाऊन विचारायचं कसं, ही एक भीड. आणि दुसरं, जे त्यांनी जयंतीबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं: इंग्रजी प्रतीतले मामंजी त्यांना हवं तेच बोलत होते, म्हणून त्यांनी आणखी शोध घेतलाच नाही.

त्यांनी पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: ग्रंथ लेखकाच्या घरापासून एका स्टेशनाच्या अंतरावर होता. लेखकच तिथे गेला नाही.

"सर, प्रबंधात असं कसं ठेवायचं?" ज्युलिया घाबरून म्हणाली.

"असंच." खिशातलं प्रमाणपत्र काढून त्यांनी त्या पानावर ठेवलं. "संपूर्ण प्रबंध वाचला, असं मी यात लिहून दिलंय. ते खरं व्हायला नको का?"

सरांची खाडाखोड, लेकीचे डोळे, यातलं काहीच लिओनार्डला उमगत नव्हतं. तो अगदी काकुळतीला आला.

"सर, पोरीचं काय चुकलं काय?"

"चुकलं माझं होतं," कर्णिक म्हणाले. "तिनं ते झाकलं, एवढंच तिचं चुकलं."