पापडाची लाटी

माझी बायको अनसूया वारल्यावर तिच्या बचत गटाचं काम मी हातात घेतलं. अमरावतीच्या दुकानाची उडदाच्या पापडांची मोठी ऑर्डर तिनेच आणली होती. ती पुरी झाली नाही तर गट मोडणार होता. तिचं तेवढंच मागे उरलं होतं.

अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी सुपरवायझर होतो. मी कामं वाटून दिली, वेळा ठरवल्या. बाया कच्च्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून खात, ते बंद केलं. माल वाया जात होता. काम वेळेवर व्हायला लागलं. मग एका सकाळी गटातली मनकर्णा एकटीच आली.

"बाकीच्या कुठं हायेत?"

"नाही येत त्या. भाऊजी, तुमी आमाले जिनिंगच्या मशिनी समजून राहिले का?"

"काय चुकलं माहं?"

"वयनी पयली लाटी स्वतः खाये. मंग आमाले इचारे, पापडखार बराबर हाय का? आमी सांगू तसं पीठ होये. तुमी निसतं घड्याळ पाहता."

मी सगळ्यांना बोलावून आणायला सांगितलं. त्या आल्या, पण रागातच बसल्या. मी एक लाटी तेलात बुडवून खाल्ली. तोंडात काहीच लागलं नाही. ती गेल्यापासून कशाचीच चव लागत नाही.

"मले चव समजत नाही," मी म्हणालो. "तुमीच सांगा."

मग एकीने लाटीसाठी हात पुढे केला, मग दुसरीने.

"खार कमी पडला," मनकर्णा म्हणाली. "अन् भाऊजी, मिशीचं तेल तरी पुसा."

बाया हसल्या. मी मिशी पुसली आणि खाराचा डबा त्यांच्याकडे सरकवला.